मागच्या सीटवरचा तांब्या

पांडेपूरचा पूल उतरून सारनाथच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पत्र्याच्या छपराचं एक गॅरेज आहे. बाहेर हिंदीत पाटी लावलेली: 'जल्दी है तो आगे जाइए'. या पाटीला आजवर तीनदा रंग दिला गेला, शब्द तेच राहिले. नवं गिऱ्हाईक ती वाचून हसतं, आणि आत गेल्यावर त्याला कळतं की त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

गॅरेज ढुंढिराज टेंब्यांचं. वय त्रेपन्न, अंगानं काटक, कपाळावर गंध आणि त्याच्या जरा वर ग्रीसचा पट्टा. गाडीच्या फक्त खालच्या अंगाचं काम तो करतो: शॉकर, कमानी, बुश, एक्सल. इंजिनाला हात लावत नाही. ब्रह्मा घाटावरचे त्याचे भाऊबंद त्याला मिस्त्री म्हणतात आणि पांडेपूरचे मिस्त्री त्याला पंडितजी म्हणतात. दोन्ही हाकांचा त्याला सारखाच राग येतो.

रागाचं म्हणाल तर त्याची बायको शरदिनी त्याचे प्रकार सांगते. "यांचा एक सकाळचा राग असतो, एक गिऱ्हाइकाचा. हे दोन्ही चहानं उतरतात. तिसरा ब्रह्मा घाटाचा. त्याच्यावर अजून औषध निघालेलं नाही."

तो तिसरा राग एकतीस वर्षांचा आहे, आणि त्याचं मूळ एका तांब्यात आहे.

टेंब्यांच्या घरी पूजेचं पाणी गंगेवरून यायचं. घाटाच्या पायऱ्या उंच, काही झिजून गुळगुळीत झालेल्या, काही मधेच खचलेल्या. वडिलांचा नियम असा होता की तांब्या काठोकाठ भरायचा आणि वाटेत ओंजळभर सांडलं तर निम्म्यातून परत फिरायचं. मोठा मुलगा यज्ञेश्वर पाण्यावर नजर रोखून, एकेक पायरी मोजत चढायचा आणि त्याच्या मागे ओला माग उमटत यायचा. धाकटा ढुंढिराज समोर बघत चढायचा. गुडघे सैल, कोपर सैल, खांदा मोकळा. पायरी कितीही वाकडी आली तरी धक्का गुडघ्यातच जिरायचा, पाण्यापर्यंत पोचायचा नाही. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. आठव्या वर्षी त्याच्या अंगाला ते आपोआप समजलं होतं.

सोळाव्या वर्षी त्यानं पाठशाळा सोडली आणि अंधऱ्या पुलाजवळच्या एका उस्तादाकडे काम धरलं. घरात रडारड झाली, पण वडील होते तोवर घर तुटलं नाही. ते गेले. पहिल्या सर्वपित्री अमावास्येला ढुंढिराज नेहमीसारखा घाटावरून तर्पणाचं पाणी घेऊन आला, तर भरल्या ओसरीत, दहा माणसांसमोर, यज्ञेश्वरअण्णांनी त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला. त्याच्या नखांकडे बघून म्हणाले, "हे हात आता देवाधर्माला नकोत." बावीस वर्षांचा ढुंढिराज आला तसाच पायऱ्या उतरला. लग्नकार्यात दोघं भाऊ भेटत, बोलत मात्र शरदिनीमार्फत. "वहिनी आल्यात का विचार." "आल्यात म्हणावं."

त्यानं घर सोडलं, पण तांब्या सोडला नाही. शॉकर बदललेली कुठलीही गाडी तो तशीच देत नाही. मागच्या सीटवर कापडाची चुंबळ ठेवायची, तिच्यावर काठोकाठ भरलेला पितळी तांब्या, आणि गाडी गॅरेजमागच्या गल्लीतून फिरवायची. ही गल्ली दरवर्षी कुणी ना कुणी खणून ठेवतं, कधी पाण्याच्या नळासाठी, कधी गटारासाठी. चार थेंब माफ. पाचवा पडला की गाडी परत जॅकवर. गिऱ्हाइकं कटकट करतात, "पंडितजी, हमको पानी ढोना है क्या?" यावर त्याचं उत्तर ठरलेलं आहे: "तुमको नहीं, जो पीछे बैठेगा उसको पूछ के आओ." हे त्याच्या उस्तादाचं बोलणं. गाडी चालवणाऱ्याची नसते, बसणाऱ्याची असते.

तर या माणसाला श्रावणात एक दिवस मैदागिनजवळ एक पिकअप उभी दिसली.

गाडी चार इंच उचललेली. टायर हत्तीच्या पायासारखे, वर आठ दिव्यांची माळ, हॉर्न असा की गाय दचकून घाटापर्यंत पळावी. गाडी मुकुलची, म्हणजे अण्णांच्या मुलाची, हे ढुंढिराजाला ठाऊक होतं. सव्वीस वर्षांचा हा पोरगा गंगेपलीकडच्या वाळूत तंबू लावून पर्यटकांना ठेवायचा. शिवाय अण्णांकडे श्राद्धकार्यासाठी महाराष्ट्रातून जे यजमान उतरत, त्यांना प्रयाग-गया फिरवायचा. वाळूत गाडी रुतते म्हणून त्यानं ती लखनौहून उचलून आणली होती.

ढुंढिराजानं सहज खाली वाकून बघितलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे कमानीखाली ठोकळे घातले होते, पुढे स्प्रिंगवर चकत्या. उंची आली होती. शॉकर मात्र कंपनीतून आलेले तसेच, जुन्या उंचीचे. त्याला आपली आई आठवली, चवड्यांवर उभी राहून, हात पार ताणून फळीवरचा डबा काढणारी. त्या क्षणी तिला कुणी नुसतं बोट लावलं तरी ती कोलमडली असती, कारण ताणलेल्या हातात द्यायला काही उरतच नाही. हे चारही शॉकर तसे ताणून उभे होते. खड्डा आला, चाक खाली गेलं, की ते त्याला लगाम ओढल्यासारखे हिसका देणार. असे किती हिसके सोसतील?

गाडीचं मागचं एक चाक नालीत लोंबत होतं, त्यामुळे शॉकर कुठवर ताणला जातो ते उघडच दिसत होतं. त्यानं खिशातून टेप काढला, भर रस्त्यात उताणा पडला आणि मापं घेतली. तेवढ्यात पानवाला ओरडला, "का हो पंडितजी, गाड़ी के नीचे समाधि?" आठ दिवसांत त्या गाडीच्या मापाचे लांब शॉकर पुण्याहून येऊन पडले. चांगले होते, वर चकती फिरवून मऊ-कडक करता येणारे, नऊ खटक्यांचे, जितके खटके जास्त तितके कडक. त्यानं ते फळीवर ठेवले आणि मुकुलला एक शब्द कळवला नाही.

"सांगा की त्याला," शरदिनी म्हणाली.

"तो येईल. गाडी त्याची आहे, पाय त्याला आहेत."

"आणि नाही आला तर?"

"तर पडू देत फळीवरच!"

त्यानंतर श्रावण गेला, गणपती गेले, पितृपक्ष लागला. काशीत गाड्या मिळेनाशा झाल्या, सगळ्या गयेच्या वाटेला. आणि नवमीच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, गॅरेजपासून शंभर पावलांवर धाडकन आवाज झाला.

मुकुलची पिकअप मागे एका अंगाला लुळी पडून, लोखंड रस्त्यावर घासत, ठिणग्या काढत गॅरेजच्या दारात येऊन थांबली.

"काका," मुकुल खाली उडी मारून म्हणाला, "इथंच तुटलं हो. मतलब तुमच्याकडे यायचं म्हणून आलो असं नाही..."

"ते दिसतंय. ठरवून आला असतास तर गाडी धड असती."

मागचं दार उघडलं आणि एक सत्तरीच्या बाई खाली बघू लागल्या. "अरे मुला, ही गाडी म्हणायची की माडी? सकाळी चढायला स्टूल दिलंस, आता उतरवतोस कसा?"

ढुंढिराजानं आतून स्टूल आणून ठेवलं. बाई उतरल्या. नाव आनंदीबाई, सातारच्या बाजूच्या. त्यांच्यामागून त्यांचे पती दत्तात्रेयराव उतरले, कमरेला रुंद पट्टा बांधलेला, चेहरा पांढराफटक. कुणाशी न बोलता ते बाकावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. शरदिनी मागच्या घरातून पाणी घेऊन धावली.

"यांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय हो, दोन ठिकाणी," आनंदीबाई म्हणाल्या. "सारनाथहून येताना त्या एका उंचवट्यावर असे उडालो दोघं, की माझं डोकं टपाला लागलं. उद्या गयेला जायचंय. यांच्या थोरल्या भावाची तिथी. त्यांनीच सांभाळलं यांना, आईबाप लहानपणीच गेलेले. पंधरा वर्षं चाललंय जाऊ जाऊ."

ढुंढिराज गाडीखाली शिरला. दोन मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांवर काळं तेल होतं, आणि ती बोटं त्यानं मुकुलच्या नाकासमोर धरली.

"कधीपासून गळतंय?"

"ते... पौर्णिमेच्या आसपास बघितलं मी."

"आज काय?"

"नवमी."

"नऊ दिवस! नऊ दिवस तू म्हाताऱ्या माणसांना या मोडक्या पाळण्यात घालून फिरवतोयस? बदलले का नाहीस?"

मुकुल बूट मातीत घासू लागला. "बाबा म्हणाले पितृपक्षात नवीन वस्तू घ्यायची नाही, लावायची नाही. नवरात्र बसलं की पहिल्याच दिवशी टाकणार होतो, काका. कसम से."

"आणि हे दिवे? हा भोंगा?"

"ते आधी घेतले होते."

"वा! दिव्यांना मुहूर्त मिळाला. माणसांच्या कण्याला मिळाला नाही!" त्याचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. चहावाल्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं. "चार इंच वर चढवलीस आणि पाय तेवढेच ठेवलेस? पुरुषभर उंचीच्या माणसाला पोराचे पाय लावून पळवशील का?"

"काका, आत्ता फक्त वेल्डिंग मारके दे दो. सकाळी चारला निघायचंय. पूर्ण बनारसमध्ये दुसरी गाडी नाही, मी दहा ठिकाणी फोन केलेत. आल्यावर तुम्ही म्हणाल ते करतो."

ढुंढिराजानं गाडीत हात घालून किल्ली काढली, शर्टाच्या गळ्यातून जानवं ओढलं आणि किल्ली त्याला गाठ मारून परत आत सोडली. "आता घे," तो म्हणाला. "ही गाडी वेल्डिंगवर माझ्या दारातून हलणार नाही. या गृहस्थांची पाठ मोडायची असेल तर दुसऱ्याच्या दारात मोड."

मुकुलनं बापाला फोन लावला.

अण्णा तासाभरानं आले. ई-रिक्षातून उतरले तेव्हा ढुंढिराज गाडी जॅकवर चढवून मागची दोन्ही चाकं काढून बसला होता. एकसष्ट वर्षांचे अण्णा, शुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं. एकतीस वर्षांत या दारात त्यांचं पाऊल पहिल्यांदा पडत होतं. ते कुठं टाकावं हेच त्यांना कळेना, जिकडेतिकडे तेल. शरदिनीनं पोत्याचा तुकडा अंथरला.

"शरदिनी," ते म्हणाले, "त्याला म्हणावं थांब."

"भावजी, हे समोरच बसलेत. तुम्हीच म्हणा. मी स्वयंपाक टाकून आलेय."

अण्णा खाकरले. "ढुंढिराज, थांबव हे. पितरांचा पंधरवडा आहे. यजमान श्राद्धाला निघालेत. त्या गाडीला नवं काही लावायचं नाही."

"कुठं लिहिलंय?" ढुंढिराज पाना न सोडता म्हणाला. "सहा वर्षं मीही तिथंच घोकत बसलो होतो. गाडीचा शॉकर कुठल्या सूत्रात आलाय, सांगा."

"लिहिलेलं नसेल. घराण्यात आहे."

"घराण्यात मीही होतो."

मग ढुंढिराज उठला, फळीवरून एकापाठोपाठ चार लांब खोकी उतरवली आणि अण्णांच्या पायाशी आपटली. "नवं नाही लावत. श्रावणात आणलेत. मुकुल, वाच तारीख. मोठ्यानं वाच, तुझ्या बाबांना ऐकू जाऊ दे."

मुकुलनं वाचलं. मग खोक्याची दुसरी बाजू वाचली, आणि त्याचा आवाज उतरला. "काका, हे तर माझ्याच गाडीचे आहेत."

"मग काय माझ्या सायकलचे?"

"तू मागवलेस?" अण्णा म्हणाले. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. म्हणून तर एवढे दिवस पडलेत."

"पडलेत कसले," शरदिनी म्हणाली, "दर रविवारी फडक्यानं पुसतात."

"तू स्वयंपाकाला जाणार होतीस ना!"

"मग मला कळवायचं होतंस," अण्णा म्हणाले. आता त्यांचाही आवाज चढला. "माझ्या मुलाच्या गाडीत दोष आहे हे तुला दिसलं आणि तू महिना-दीड महिना मूग गिळून बसलास? आणि वर मला धर्म शिकवतोस?"

हे बरोबर वर्मी लागलं, कारण खरं होतं. ढुंढिराजाच्या कानशिलावरची शीर उडू लागली. "कळवायला तुमच्या दारात यायचं होतं? पुन्हा नखं दाखवायला?"

अण्णांनी उपरणं एका खांद्यावरून दुसऱ्यावर टाकलं. "श्रावणात घेतलेली वस्तू नवी नव्हे," ते बाकाकडे बघत, जणू दत्तात्रेयरावांना शास्त्रार्थ सांगत असल्यासारखे म्हणाले. "लावायला हरकत नाही."

काम दुपारभर चाललं. ढुंढिराज हात चालवत होता आणि तोंडही. लखनौच्या ज्या कुणी हे ठोकळे बसवले त्याचा उद्धार झाला, मुकुलच्या मित्रांचा झाला, मोबाइलवर गाड्या उडवणाऱ्या समस्त जगाचा झाला. मुकुलला त्यानं नट पुसायला बसवलं होतं. मागच्या दोन शॉकरना वेळ लागला नाही. पुढच्या स्प्रिंगांनी घाम काढला. शेवटी चारही लागले, चाकं चढली, गाडी जमिनीवर आली. आता फक्त वरच्या चकत्या फिरवून मऊ-कडक ठरवायचं होतं. ढुंढिराज एकेका चाकाशी बसला आणि त्यानं खटके मोजले. चारही ठिकाणी आठ. नवापैकी आठ.

मग तांब्या निघाला. नळाखाली काठोकाठ भरला, चुंबळीवर बसला.

"मी बसतो शेजारी," अण्णा म्हणाले. "यजमान माझे आहेत."

"बसा. पण हात लावायचा नाही. तुमच्या हातानं पाणी सांडतं."

"काय म्हणालास?"

"लहानपणापासून."

स्टुलावरून अण्णा चढले. ढुंढिराजानं जानव्याची किल्ली सोडली आणि गाडी गल्लीत घातली. पहिला चर आला. गाडी त्यावरून गेली आणि खालून कुणी बुक्की मारावी तशी उसळली. तांब्या चुंबळीतून उठला, आडवा झाला आणि अख्खा अण्णांच्या धोतरात रिकामा झाला.

"आई गं!" अण्णांनी कंबर धरली.

ढुंढिराजानं गाडी थांबवली. मागे वळून बघायची त्याची हिंमत नव्हती. त्यानं तशीच ती उलटी गॅरेजात आणली.

"हे तुझं काम?" ओल्या धोतरानं उतरत अण्णा म्हणाले. "याच्यासाठी किल्ली जानव्याला बांधलीस? याच्यापेक्षा मोडकी बरी होती!"

ढुंढिराज भडकला. गल्ली खणणाऱ्यांवर भडकला, मुकुलवर भडकला. "टायरात हवा किती ठासलीयस? दगड केलेत दगड!" हवा थोडी जास्त होती, पण एवढी नव्हती, हे त्यालाही कळत होतं. तो गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. सगळं मापात होतं. एवढ्या वर्षांत तांब्या आडवा झाला नव्हता, आणि झाला तो नेमका आज, नेमका त्या माणसाच्या अंगावर.

"टेंबे," बाकावरून आवाज आला. दत्तात्रेयराव आल्यापासून पहिल्यांदा बोलत होते. "एक विचारू का? मी बत्तीस वर्षं यष्टी चालवली. रिकामी असली की ती जास्त आपटायची. माणसं भरली की मऊ व्हायची. तुम्ही ही गाडी भरलेली धरून आवळलीत का?"

ढुंढिराजाचा हात मागच्या चाकावरच्या चकतीकडे गेला.

भरलेली धरून नव्हे. त्यानं मुकुलला धरून आवळली होती. दुपारभर त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, हा पोरगा गाडी वाळूत उडवतोय, आणि ती उडू नये म्हणून तो खटके मोजत गेला होता. मागे कोण बसणार हे त्याच्या मनातच नव्हतं. उद्या मागे दोन हलकी, म्हातारी माणसं बसणार, त्यातल्या एकाच्या कण्यात टाके. ज्या माणसासाठी त्यानं भांडण मांडलं होतं त्यालाच तो विसरला होता. उस्ताद असता तर त्यानं तोच तांब्या डोक्यात घातला असता.

"चूक माझी," तो म्हणाला. हे शब्द त्यानं गाडीच्या चाकाकडे बघत म्हटले.

"काय म्हणालास?" अण्णांनी विचारलं.

"ऐकू आलंय तुम्हाला!"

तो पुन्हा खाली बसला. मागचे खटके तीनवर आणले, पुढचे चारवर. टायरातली जादा हवा सोडली. तांब्या भरला.

"आता मी बसतो," दत्तात्रेयराव उठले.

"अहो नको!" आनंदीबाई म्हणाल्या. "त्यांना आधी बघू द्या."

"पाठ माझी आहे ना? मग मीच बघणार."

त्यांना चढवायला ढुंढिराज आणि अण्णा दोघांना हात द्यावा लागला. एक ग्रीसचा, एक चंदनाचा. दत्तात्रेयरावांनी दोन्ही सारखेच घट्ट पकडले.

ढुंढिराजानं गाडी हळू गल्लीच्या तोंडाशी आणली. ही पाठ आता खरोखर त्याच्या हातात होती. पहिला चर आला. चाक उतरलं, चढलं, गाडी एकदा खाली दबली आणि तिथल्या तिथं शांत झाली. दुसरा चर. मग उकरलेल्या विटांचा ढीग. मागून आवाज नाही. आरशात दत्तात्रेयराव डोळे मिटून बसले होते, एक हात सीटवर सपाट ठेवून. ड्रायव्हर माणूस, तो गाडी तळहातानं ऐकत होता.

गल्ली संपली. ढुंढिराजानं मागे वळून बघितलं. चुंबळीच्या काठावर तीन थेंब.

"चालेल," दत्तात्रेयराव डोळे न उघडता म्हणाले. "गयेपर्यंत चालेल."

किल्ली मुकुलला देताना ढुंढिराजानं त्याला दहा मिनिटं झापलं. सत्तरच्या वर जायचं नाही. सासारामला थांबून चारही शॉकरचे नट पान्यानं तपासायचे, कारण नव्यानं बसवलेलं लोखंड पहिल्या काही तासांत जरा बसतं. उंचवट्यावर ब्रेक आधी, वर चढल्यावर नाही. "कळलं? की भोंग्यातून सांगू?"

"कळलं, काका."

सगळे गाडीत बसले. अण्णा शेवटी राहिले. धोतर अजून ओलं होतं. ते स्टुलावर एक पाय ठेवून तसेच थांबले.

"सर्वपित्रीला घाटावरून पाणी आणायला माणूस नाही," ते म्हणाले. "माझ्यानं पायऱ्या होत नाहीत. मुकुल आणतो, तो निम्मं सांडतो."

"तुमच्यावर गेलाय."

"म्हणून म्हणतोय."

"माझी नखं काळी आहेत," ढुंढिराज म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा चढला होता. "तेव्हा होती त्याच्यापेक्षा काळी आहेत. एकतीस वर्षं जास्त काळी!"

"मग घासून ये," अण्णाही तितक्याच जोरात म्हणाले, आणि चढून त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ढुंढिराजानं कुठल्याच गाडीला हात लावला नाही. दोन गिऱ्हाइकांना पाटीकडे बोट दाखवून हाकललं. तीन वाजता फोन वाजला.

"आनंदीबाई बोलतेय हो. झालं सगळं व्यवस्थित. हे फल्गू नदीच्या पायऱ्या माझा हात न धरता उतरले. पिंड देताना रडले, तेवढंच. पाठीबद्दल अजून एक शब्द बोललेले नाहीत, म्हणजे बरंच असणार."

"बरं," ढुंढिराज म्हणाला. "त्या पोराला द्या."

मुकुल फोनवर आला. "काका, एकदम मक्खन! रस्ता कळलाच नाही."

"सासारामला नट तपासलेस?"

"ते... सासारामला ट्रॅफिक होतं. डेहरीला तपासले. एकदम टाईट होते."

"सासाराम म्हणालो होतो मी! सासाराम! डेहरीपर्यंत काय नट तुझी वाट बघत थांबणार होते? मागे कोण बसलंय ते..." पुढचं सारनाथपर्यंत ऐकू गेलं असेल. फोन आपटून तो उठला.

शरदिनीला तो मागच्या नळाशी सापडला. आधी रॉकेल, मग साबणाचा चुरा, मग तिच्याच स्वयंपाकघरातून न विचारता उचललेलं बेसन, आणि लोखंड घासायच्या ब्रशनं तो एकेक नख घासत होता. दातओठ खात, कुणाला तरी शिव्या घालत.

"अहो, हळू," ती म्हणाली. "अमावास्येला अजून पाच दिवस आहेत. कातडी निघेल."

"निघू दे!" तो म्हणाला, आणि दुसरा हात नळाखाली धरला.